नाव भिंतीवर, हिस्सा कुठाय?

उलव्याची टेकडी आता शोधू नका. सुरुंग लावून ती फोडली, सपाट केली. उलवे नदीचं पात्र वळवलं. दहा गावं उठवली. त्यावर काँक्रीट ओतून परदेशी वास्तुशिल्पीच्या कागदावरचं कमळ उभं केलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. विधिमंडळाचा ठराव २०२२ चा, तरी त्या दिवशीही दि. बा. पाटलांचं नाव अधिकृत झालेलं नव्हतं.

नावाची किंमत आम्हाला कुणी शिकवू नये. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंना जिवानिशी मारलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' शेजारी ठेवून. ठराव एका दिवसात होतो, पाटीला सोळा वर्षं लागतात!

म्हणून उलव्याच्या आगरी-कोळ्यांची मागणी आमचीच. नातंही जुनं आहे. याच कुलाबा जिल्ह्यात १९३३ ते १९३९ चरीच्या कुळांनी संप करून खोतांची जमीन पडीक ठेवली. नारायण नागू पाटील पुढे होते. खोती मोडायचं विधेयक १९३७ साली बाबासाहेबांनी मांडलं.

पण दि. बा. पाटीसाठी लढले नव्हते. १९७० साली सिडको आली आणि पंचाण्णव गावांच्या भातशेतीवर, मिठागरांवर शहर आखलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाट्याला, नवघरला पोलिसांच्या गोळ्या चालल्या. पाच जण पडले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. भीक नाही, हिस्सा!

सरकारला अक्षरं परवडतात, हिस्सा परवडत नाही. म्हणून ते नावावर झुलवतं. २०२१ साली ठाकऱ्यांचं नाव पुढे करून भूमिपुत्रांनाच रस्त्यावर आणलं. माणसं नावावर भांडली की टक्क्यांचं कोण विचारतो?

आता आपल्यातलंही बोलू. हिश्श्याचा मूळ हिशोब सातबाऱ्यावरून. ज्याच्या नावावर गुंठासुद्धा नव्हता, जो दुसऱ्याच्या बांधावर लावणी करत होता, मिठागरात पाय जाळत होता, त्या बौद्धवाडीतल्या, कातकरवाडीतल्या माणसाचं काय? जमीन गेली त्याची नोंद तलाठ्यानं केली. काम गेलं त्याची नोंद कोण करणार? हा प्रश्न सिडकोला विचारायचा, तसाच आपल्या पुढाऱ्यांनाही.

तेव्हा मागणी एकच, पण अर्धी नाही. नाव लावा, पूर्ण लावा, शेपूट न जोडता. आणि त्याच दाराच्या आत जागा द्या. झाडू मारायला आमची पोरं, काउंटरवर त्यांची, ही विमानतळाची वर्णव्यवस्था चालणार नाही. ज्या भिंतीवर दि. बां.चं नाव लागेल, त्या भिंतीच्या आत भूमिहीनाचं पोर पगारावर नसेल, तर ती भिंत दि. बां.ची नाही. ती सिडकोचीच.