होस्टकडे कोण बघणार?

मे 2020 मध्ये सोफॉस या ब्रिटिश सुरक्षा कंपनीने रॅग्नार लॉकर टोळीच्या एका हल्ल्याची हकीकत जाहीर केली. खंडणीखोर व्हायरस अवघा 49 केबीचा, पण तो चालवण्यासाठी टोळीने 122 एमबीचा इन्स्टॉलर घुसवला होता. त्यात आभासी संगणक चालवणारे 2009 सालचे व्हर्च्युअलबॉक्स होते आणि सोबत काटछाट केलेले विंडोज एक्सपी. चोरांनी दुसऱ्याच्या संगणकात स्वतःचा आभासी संगणक थाटला, मूळ संगणकाचे ड्राइव्ह त्याला शेअर्ड फोल्डर म्हणून जोडले आणि आत बसून बाहेरच्या फायली एन्क्रिप्ट केल्या. होस्टवरच्या, म्हणजे मूळ संगणकावरच्या अँटिव्हायरसला फायलींना हात लावताना दिसला तो फक्त व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे ओळखीचा, विश्वासातला प्रोग्राम.

‘व्हर्च्युअल मशीनमध्ये आहे ना, मग काळजी नाही’ हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. तो धोकादायक आहे.

होस्टवरचा अँटिव्हायरस गेस्टच्या, म्हणजे त्यावर चालणाऱ्या आभासी मशीनच्या आत डोकावत नाही. हायपर-व्ही ही आभासी मशीनची प्रणाली वापरणाऱ्यांना तर तिची निर्माती मायक्रोसॉफ्टच सांगते, की आभासी डिस्कच्या फायली होस्टच्या स्कॅनमधून वगळा, नाहीतर मशीन अडखळतात. त्यामुळे प्रत्येक गेस्टला स्वतःचे संरक्षण लागतेच. पण एका सर्व्हरवरच्या वीस-तीस मशीनचे स्कॅन एकाच वेळी सुरू झाले की सगळेच मंदावते, आणि कंटाळून कोणीतरी अँटिव्हायरसच बंद करून टाकतो. खरे तर स्कॅनच्या वेळा पुढेमागे केल्या, तरी बराचसा ताण हलका होतो.

गेस्ट आणि होस्ट यांच्यामधली भिंतही अभेद्य नाही. 2015 मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’ ही त्रुटी आभासी मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये 2004 पासून होती. टेबलावरून फ्लॉपी केव्हाच गेली, कोड मात्र तसाच राहिला, आणि त्यातून गेस्टमधला हल्लेखोर होस्टपर्यंत पोहोचू शकत होता.

अलीकडच्या टोळ्या मात्र भिंत फोडण्याच्या फंदात न पडता थेट होस्टवर जातात. फेब्रुवारी 2023 मधल्या ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ हल्ल्यात व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्सआय या प्रणालीवर आभासी मशीन चालवणारे हजारो होस्ट सर्व्हर सापडले. ज्या त्रुटीकडे फ्रान्सच्या सायबर यंत्रणेने बोट दाखवले, तिचा पॅच दोन वर्षांपूर्वीच आला होता. गेस्टमध्ये कितीही उत्तम अँटिव्हायरस असो, खालून कोणी मशीनच बंद पाडून तिच्या फायली एन्क्रिप्ट करू लागला तर तो काय करणार? आणि या होस्टवर अँटिव्हायरसची गरज नाही, तो चालवण्याला पाठबळही नाही, अशी खुद्द व्हीएमवेअरची भूमिका होती. ही भूमिका पटण्यासारखी नाही. दहा-वीस सर्व्हरचा भार वाहणाऱ्या यंत्रावर पहारा नको असे कोणत्याही कंपनीने म्हणू नये.

कंपन्यांची ही भूमिका बदलत नाही तोवर होस्टची वेगळी काळजी घेणे ग्राहकाच्याच गळ्यात आहे. त्याचे व्यवस्थापनाचे पान इंटरनेटवर उघडे नको. त्याचा पासवर्ड कार्यालयाच्या डोमेनशी बांधलेला नको. पॅच महिनोन् महिने लांबणीवर टाकू नये. बॅकअपची एक प्रत होस्टच्या आवाक्याबाहेर, वेगळ्या जागी हवी आणि ती परत उभी करून पाहिलेली हवी.

नागरी सहकारी बँक असो, पतसंस्था असो की जिल्हा रुग्णालय, सर्व्हरची निविदा काढताना अँटिव्हायरसच्या लायसन्सची संख्या नीट मोजली जाते. त्याच निविदेत होस्टचे पॅच किती दिवसांत बसवायचे आणि ती जबाबदारी नेमकी कोणाची, हेही लिहिले गेले पाहिजे.