ओळख पटली पाहिजे!

मुलांनो, या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र निघालं. तिच्या आजोबांना मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा कॅन्सर आहे आणि तो फुप्फुसापर्यंत पोचलाय. ती विचारते, "रक्तातल्याच पेशींना शिकवून कॅन्सरशी लढायला पाठवतात, असं मामा म्हणतो. खरं का ते? आणि खरं असेल, तर आजोबांना का नाही देत?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो'. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे, तेव्हा नीट बसून वाचा. आईबाबांनाही बोलवा.

आपली मूत्रपिंडं दोन, मुठीएवढी. दिवसभरात रक्तातला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सगळा परत रक्तात पाठवतात. गाठ मूत्रपिंडातच असली, तर डॉक्टर ती कापून काढतात. वेळ पडली तर सबंध मूत्रपिंड काढतात, कारण एकावरही माणूस छान जगतो. पण कॅन्सरच्या पेशी रक्तातून फुप्फुसात, हाडांत जाऊन बसल्या की कात्री कुठे कुठे चालवणार? तिथे औषधं लागतात. आज ती आहेत, त्यांनी पुष्कळांचा आजार रोखून धरलाय. तरी काही जणांना ती हळूहळू लागू पडेनाशी होतात.

आता वळू या टी-पेशींकडे. या आपल्या रक्तातल्या पहारेकरी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्या तयार होतात, म्हणून 'टी'. विषाणू शिरलेली पेशी दिसली की त्या तिला मारतात. पण कॅन्सरची पेशी आपल्याच घरातली! तिचा चेहरा ओळखीचा असतो. पहारेकरी शेजारून निघून जातो, बिचाऱ्याला काही कळतच नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस इस्राएलमधल्या झेलिग एशार या शास्त्रज्ञाने यावर युक्ती काढली. आपल्या शरीरात प्रतिपिंडं असतात. नेमका शत्रू ओळखण्यात ती पटाईत, पण स्वतः पेशीला मारण्यात टी-पेशीइतकी तरबेज नाहीत. मग प्रतिपिंडाचं 'ओळखणारं' टोक टी-पेशीला बसवलं तर? डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं. आपल्या नरसिंहासारखंच म्हणा ना! ग्रीक पुराणात अशा जोडप्राण्याला 'कायमेरा' म्हणतात, आणि त्यावरूनच या पेशींना 'कार-टी' हे नाव पडलं. मोटारीचा काही संबंध नाही बरं का.

करतात कसं? रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढायच्या. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर नवा जनुक लादून तो त्या पेशींत पोचवायचा. मग पेशी वाढवायच्या आणि सलाइनसारख्या परत शिरेतून सोडायच्या. २०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी रक्ताच्या कॅन्सरने अगदी अखेरच्या टोकाला पोचली होती. तिला अशा पेशी दिल्या. ताप इतका चढला, की डॉक्टरांचा धीर सुटायची वेळ आली. पण ती बरी झाली. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाने मिळून घडवलेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला २०२३ साली परवानगी मिळाली. तोही काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठीच.

मग मूत्रपिंडाचं काय अडलं? अडलं ते ओळखीवर. ज्या खुणेवरून रक्तातल्या त्या कॅन्सरच्या पेशी ओळखतात, ती खूण असलेल्या चांगल्या पेशीही मरतात. पण त्या गेल्या तरी औषधपाण्यावर निभावतं. मूत्रपिंडाच्या गाठीवरची खूण मात्र एखाद्या नाजूक अवयवावरही असू शकते.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात हेच झालं. तिथल्या डॉक्टरांनी 'सीए-नऊ' ही खूण निवडली. मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर ती हमखास सापडते. पहिल्या तीन रुग्णांची हकीकत २००६ साली प्रसिद्ध झाली. पेशी सोडल्यावर त्यांच्या यकृताला इजा होऊ लागली. पाहतात तो, यकृतातल्या पित्तनलिकांवरही तीच खूण! पहारेकऱ्यांनी हुकूम अगदी तंतोतंत पाळला होता. पुढे डॉक्टरांनी शक्कल लढवली. आधी प्रतिपिंडं देऊन यकृतावरच्या खुणा झाकल्या आणि मग पेशी सोडल्या. यकृत वाचलं. पण २०१३ साली सगळा हिशेब मांडला तेव्हा बारा रुग्णांपैकी कोणाचीही गाठ आक्रसलेली नव्हती.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्या बारा जणांची. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य प्रश्न असतो, 'हे सुरक्षित आहे का, आणि किती मात्रेपर्यंत?' आपण बरे होऊच असं नाही, हे त्यांना सांगितलेलं होतं. तरी ते आले.

मग दुसरी खूण शोधली, 'सीडी-सत्तर'. ती मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर भरपूर आढळते आणि निरोगी अवयवांवर जवळजवळ नसतेच. पण गंमत बघा, लढायला सज्ज झालेल्या टी-पेशीवर तीच खूण उगवते! म्हणजे पहारेकरी एकमेकांवरच तुटून पडायचे. तेव्हा शास्त्रज्ञांनी क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीने टी-पेशीतली ती खूणच कापून टाकली. शिवाय या पेशी रुग्णाच्या नव्हेत, निरोगी दात्याच्या घेतल्या. म्हणून त्यांनी परक्या शरीरावर हल्ला करू नये, यासाठी आणखी एक काप घातला.

या चाचणीचा अहवाल २०२४ साली आला. बाकीची औषधं थकलेले सोळा रुग्ण होते. तेरा जणांचा आजार निदान काही काळ वाढायचा थांबला. त्यांपैकी एकाच्या शरीरातला कॅन्सर पूर्ण दिसेनासा झाला आणि तीन वर्षांनंतरही परतला नव्हता. सोळांत एक! कोणी म्हणेल, एवढंच? पण रॉटरडॅमचा आकडा शून्य होता, हे विसरू नका.

तर मैत्रिणी, आजोबांना हे का देत नाहीत, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. ही अजून चाचणीतली गोष्ट आहे, दुकानात मिळणारं औषध नव्हे. खात्रीने बरं करतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर मामांना सावध कर. भारतात होणारी प्रत्येक औषधचाचणी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते आणि ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. आजोबांच्या डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही. चाचणीत भाग घ्यायचा, तर आधी सगळं समजेल अशा भाषेत सांगून संमती घेतात, आणि मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं. लहान मुलांवर चाचणी असेल तर आईबाबांची सही लागतेच, पण सात वर्षांवरच्या मुलाला स्वतःलाही विचारतात, "तुझी तयारी आहे का?"