गंजिफा चौकटीतून बाहेर काढा

मेक्सिकोत लोतेरिया नावाचा नशिबाचा खेळ आहे. चोपन्न पानं: कोंबडा, चंद्र, सैतान, मृत्यूसुद्धा. एक जण पान काढून पुकारतो, आपल्या तक्त्यावर ते चित्र असलं की त्यावर घेवड्याचा दाणा ठेवायचा. १८८७ साली क्लेमेंते जॅक यांनी हा खेळ छापून विकायला काढला आणि तो घरोघरी पोचला. म्हणूनच तिथले चित्रकार आज त्याच पानांच्या धर्तीवर स्थलांतर रंगवतात, करोना रंगवतात. बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. लहानपणी ती पानं त्यानं हाताळलेली असतात.

आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा आहे, हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारींसारख्या जुन्या हातांकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं, म्हणून ती टिकली. हे ऋण मोठं आहे. पण आज ती खेळली जाण्याऐवजी बहुधा काचेमागे टांगलेली दिसते.

घोटावडे गावात मी मुलांना चित्रकला शिकवते. वर्गात दशावतारी संच सतरंजीवर पसरला, एकशेवीस गोल पानं. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे, परशुरामाच्या पानांवर कुऱ्हाडी. अक्षरओळख नसलेलं पोरही पानं अचूक लावतं. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. आकड्यांच्या पानांत निम्म्या अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का. हे कळल्यावर मुलं जागची हलेनात. नंतर त्यांनी पुठ्ठ्याची गोल पानं कापून स्वतःचा संच रंगवला. त्यात आंबेमोहोराची लोंबी आहे, बैल आहे, आणि फाट्यावरून दिवसभर धावणारा सिमेंटचा मिक्सरही. मिक्सरची नव्वी काढायला नऊ ट्रक एका वर्तुळात कसे बसवायचे, यावर बराच वाद झाला. रचना याहून चांगली कशी शिकवायची, मला माहीत नाही.

देवांची चित्रं पत्त्यांवर नकोत, मुलांना जुगार नको, असं काही पालक म्हणतात. पैसे न लावता खेळलं की जुगार उरत नाही, आणि देव या पानांवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

हाताने रंगवलेला संच शाळांना परवडणार नाही. म्हणून शासनाने सावंतवाडीच्या कारागिरांकडून चित्रं घेऊन स्वस्त छापील संच काढावा, सोबत मराठीत नियम द्यावेत आणि प्रत्येक संचामागे त्या कारागिरांना मानधन द्यावं.