साधें लग्न आणि समाजमंदिराची किल्ली

लग्नसराई सुरू झाली म्हणजे आमच्या बाजारपेठेस जी जाग येते तिचें कौतुक आम्हांसही आहे. कापडाच्या दुकानांतून बस्ते बांधले जातात, सराफांच्या पेढींवर बसावयास जागा राहत नाहीं, आणि आचारी, मांडववाले व वाजंत्री यांना एका दिवशीं दोन दोन गांवें गांठावीं लागतात. परंतु या गर्दींतून गांवाकडे परतणाऱ्या वधूपित्याच्या मनांत कोणता हिशेब चाललेला असतो, याचा विचार केला म्हणजे हें कौतुक ओसरतें. कोणी पतपेढीचें कर्ज काढलेलें असतें, कोणी रान गहाण टाकलेलें असतें, आणि पुष्कळांच्या नांवावर आमच्याच वाचकांपैकीं कोणाच्या तरी वहींत उधारी मांडलेली असते. यास्तव गांवच्या समाजमंदिरांत, दोन्ही घरचीं माणसें व शेजारीपाजारी यांस बोलावून, बडेजाव न करितां लग्नाचा आनंद करावा असा जो विचार कांहीं घरांतून ऐकूं येतो, त्याविषयीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

विचार नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या समाजाच्या विद्यमानें पुरोहितावांचून व अत्यल्प खर्चांत लग्न लागलें. वधूवरांनीं एकमेकांस काय वचन दिलें तें उभयतांस कळावें, हाही त्या पद्धतीचा हेतु होता. आज दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. जोतीरावांच्या तसबिरीस हार घालणारे गांवोगांव आहेत, परंतु त्यांपैकीं कितीजणांच्या घरचें लग्न त्या रीतीनें झालें हें त्यांचें त्यांनींच मोजावें.

येथें एका गोष्टीचा खुलासा अवश्य आहे. शेतकरी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, असें शहरांतील सुखवस्तु लोक फार पूर्वींपासून म्हणत आले आहेत. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें सावकारांविरुद्ध जो दंगा सुरू झाला, त्याच्या चौकशीसाठीं सरकारनें आयोग नेमला होता. कर्जाच्या कारणांत लग्नादि समारंभांच्या खर्चास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें, असाच अभिप्राय त्या आयोगानें नमूद केला. पावसानें दगा दिला, मालास भाव मिळाला नाहीं, व्याज चढत गेलें, हीं कारणें मोठीं आहेत व आजही तीं मोठींच आहेत. म्हणून गरिबास काटकसरीचे पाठ देण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. तथापि इतकें खरें कीं, बाकीचा खर्च थोडा थोडा होतो व लग्नाचा एकाच आठवड्यांत होतो. आधींच ओढलेल्या संसारास तोच निर्णायक धक्का देतो. आणि हा खर्च ठरवितो कोण? गांवांतील सर्वांत सधन घर ठरवितें. त्या घरानें पांच हजार पानें उठविलीं कीं पुढील पांच वर्षें बाकीच्यांस पांचशेंचीं पानें उठवितांना लाज वाटूं लागते.

हुंडा घेणें व देणें १९६१ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें आहे. त्यामुळें आतां मुलाकडील मंडळी मोठ्या सौजन्यानें सांगतात, “आम्हांला कांहीं नको, फक्त लग्न चांगलें लावून द्या.” या एका वाक्याची किंमत काय, हें ज्यांनीं मुली दिल्या त्यांस विचारावें. चांगलें म्हणजे कार्यालय तालुक्याचें, जेवणांत चार गोडाचे पदार्थ, वरपक्षाच्या प्रत्येक पाहुण्यास फेटा, आणि वरातीपुढें छाती हादरविणारा डीजे. यांतील एकही वस्तु वराच्या घरीं जात नाहीं, म्हणून तिला हुंडा म्हणतां येत नाहीं. परंतु वधूपित्याच्या घरांतून ती गेलेली असते हें निश्चित. २०२५ सालीं पुण्याकडील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मराठा समाजांतील कांहीं मंडळींनीं पाहुण्यांच्या संख्येस मर्यादा घालावी, डीजे बंद करावा अशा स्वरूपाची आचारसंहिता पुढें आणिली, तिचें आम्ही स्वागत करितों. मात्र खर्च दोन्ही घरांनीं निमानिम करावा, ही अट सर्वांच्या वर असावयास हवी. ज्याला निम्मे पैसे द्यावयाचे आहेत तो फेट्यांची संख्या आपण होऊन कमी करितो.

थोडक्या माणसांत लग्न शोभत नाहीं, हा आक्षेप तर अनुभवानेंच खोडला आहे. करोनाच्या सांथींत २०२० सालीं पन्नास पाहुण्यांची मर्यादा होती; एप्रिल २०२१ मध्यें महाराष्ट्रांत ती पंचवीसांवर आली, समारंभ दोन तासांत आटोपण्याचा हुकूम निघाला आणि तो मोडणारास पन्नास हजारांचा दंड सांगितला गेला. त्या दिवसांत लागलेलीं लग्नें कमी पक्कीं ठरलीं असें कोणी म्हणत नाहीं. सक्ती उठतांच मांडव पूर्वींइतकेच लांबले, याचा अर्थ एवढाच कीं लोकांना साधेपणा जमत होता, परंतु त्याला सरकारचें निमित्त हवें होतें. “आम्हीं बोलाविलें असतें हो, पण हुकूमच तसा,” असें भाऊबंदांस सांगण्याची सोय होती. आतां ती सोय आपली आपण करावयाची आहे.

साध्या लग्नास बेत कमी लागतो असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः पैसा कमी लावावयाचा तर बेत अधिक लागतो. पहिला प्रश्न यादीचा. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून यादी एकदांच करावी व दीडशेंचा आंकडा ठरला तर तो दीडशेंच ठेवावा. पत्रिका छापूंच नये, कारण पत्रिका म्हटली कीं निमंत्रकांचीं व प्रमुख पाहुण्यांचीं नांवें आलीं, आणि त्यांत ज्याचें राहिलें त्याचा रुसवा नातवाच्या लग्नापर्यंत पुरतो. जेवणास वरणभात, पुरी, एक भाजी, कोशिंबीर व बुंदी एवढें पुरे. माणशीं शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर दीडशें पानांस पंधरा किलो पुरतो. गांवच्या भजनी मंडळाचीं किंवा तालमीचीं मोठीं पातेलीं व पराती बहुधा असतातच. तीं घांसून परत देण्याची जबाबदारी आधींच एका माणसावर सोंपवावी. पाण्याची टांकी आदल्या रात्रीं भरून घ्यावी आणि बायकांसाठीं शौचालय उघडें व स्वच्छ आहे कीं नाहीं हें घरच्या बाईनें स्वतः जाऊन पाहावें, पुरुषाच्या सांगण्यावर विसंबूं नये.

मुहूर्ताचा हट्ट सोडतां आला तर उत्तमच. एकाच मुहूर्तावर साऱ्या तालुक्यांतील लग्नें आलीं म्हणजे आचाऱ्यापासून फुलांपर्यंत सर्वांचा भाव चढतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वयें लग्न करावयाचें असल्यास विवाह अधिकाऱ्यास नोटीस देऊन तीस दिवस थांबावें लागतें व तीन साक्षीदार लागतात. जादा फी भरल्यास अधिकाऱ्यास कचेरीपासून वाजवी अंतरावरील ठिकाणीं बोलावितां येतें. धार्मिक विधीनें केलें तरी नोंदणी टाळूं नये. आणि भाषणें? पुढारी येईपर्यंत अक्षता हातांत घेऊन लोकांस ताटकळत ठेवण्याची व मग त्याच्या सत्काराची जी चाल पडली आहे, तिच्याइतकी निरर्थक चाल आम्हीं दुसरी पाहिली नाहीं.

आमचे व्यापारी वाचक विचारतील, सर्वांनीं असें केलें तर आम्हीं काय करावें? प्रश्न रास्त आहे. ज्याचें पोट वर्षांतील ठराविक मुहूर्तांवर आहे त्या वाजंत्र्यास व मांडववाल्यास झळ लागेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण कापडवाल्यानें आपली जुनी वही उघडून पाहावी. बस्त्याची उधारी जेथें तीन तीन दिवाळ्या वसूल होत नाहीं, तें गिऱ्हाईक मधल्या काळांत दुकानाची पायरीही चढत नाहीं. लग्नांत न बुडालेलें घर दर सणास चार वार कापड रोखीनें नेतें. यांत तोटा कोणाचा?

राहतां राहिलें समाजमंदिर. पुष्कळ गांवांत तें दलित वस्तींत बांधलेलें आहे, आणि वरच्या म्हणविणाऱ्या जातींचीं कुटुंबें कर्ज काढून तालुक्यास कार्यालय घेतात, पण तेथें लग्न लावीत नाहींत. उलट गावठाणांत सभागृह असलें तर वस्तींतील माणसानें तें मागितल्यावर किल्ली सांपडत नाहीं, अशी तक्रार ऐकूं येते. सरकारी पैशानें राखलेल्या सार्वजनिक जागेंत जातीवरून मज्जाव करणें राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदानें निषिद्ध आहे. पण हरवलेली किल्ली कोणत्या अनुच्छेदांत बसवावी? भाड्याचा एकच दर सर्वांस, अर्ज येतील त्या क्रमानें तारीख, आणि दोन्हींची पाटी दारावर, एवढें केलें तर वाद बराचसा मिटेल. तुळशीचें लग्न झालें कीं मुहूर्त निघूं लागतात. त्यापूर्वीं, गांधीजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या ग्रामसभेंत हा ठराव मांडावा, आणि किल्ली कोणाकडे राहील व तो गांवीं नसल्यास कोणाकडे, हें त्या ठरावांतच लिहून घ्यावें.