नावलौकिकाची नोंद कोणत्या खात्यात?

मे महिन्याच्या सुट्टीत मी सुरतेजवळ कामरेजला मामांकडे गेलो होतो. मामा तेथे लूमच्या एका कारखान्यात हिशेब लिहितात. मामेभाऊ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने प्रकल्पासाठी चाकांचा एक छोटा यंत्रमानव बनविला होता. तो भिंती चुकवीत घरभर फिरे.

"याचा प्रोग्राम कितीला पडला रे?" मामांनी विचारले.

"फुकट. रॉस म्हणतात त्याला. कुणीही घ्यावा, कुणीही वापरावा."

मामा हसले. "मग ज्यानं केला त्याला काय मिळालं?"

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. प्रश्न माझ्याच विषयातला, पण उत्तर देता आले नाही. परत आल्यावर महाविद्यालयाच्या संगणकावर शोध घेतला, तेव्हा रॉसच्या पूर्वजांत एक मराठी आडनाव भेटले : डॉ. गौरव सुखात्मे. मुंबईच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्र शिकून ते लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, १९९७ साली तेथेच डॉक्टरेट मिळविली आणि २००० पासून तेथे शिकवू लागले.

त्या काळी प्रत्येक यंत्रमानवाची चाके निराळी, कॅमेरे निराळे; एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याला कळत नसे. त्यांच्या विद्यापीठात 'प्लेअर' नावाचा प्रोग्राम तयार झाला. २००१ सालच्या त्यावरील शोधनिबंधाच्या सहा लेखकांत सुखात्मे एक होते. 'प्लेअर' म्हणजे दुभाषा. माझी आजी फक्त कन्नड बोलते, मी मराठी शाळेत शिकलो. दारी येणाऱ्या भाजीवाल्याचे आजीला आणि आजीचे त्याला सांगण्याचे काम लहानपणापासून माझे. 'प्लेअर'चेही काम तेच. त्याचा जोडीदार 'स्टेज' पडद्यावरच नकली यंत्रमानव चालवी, म्हणजे ज्याच्याजवळ यंत्र घ्यायला पैसा नाही त्यालाही प्रयोग करता येई. हे सारे त्यांनी जगाला मोफत दिले. पुढे रॉस घडविणाऱ्यांनी 'प्लेअर'चे कितीतरी भाग त्यात घेतल्याचे २००९ साली स्वतःच नमूद केले. कामरेजच्या घरात फिरणारा यंत्रमानव असा त्या झाडाच्या एका फांदीवरचा.

सुखात्मे यांचे दुसरे काम पाण्यातले. तळ्यात शेवाळ केव्हा आणि का माजते हे पाहण्यासाठी त्यांनी जीवशास्त्रज्ञांच्या साथीने पाण्यात तरंगती मापके ठेवली, यंत्रचलित नाव सोडली. सगळे तळे मोजणे अशक्य. म्हणून आधीच्या मोजणीवरून पुढची जागा यंत्रानेच ठरवायची. आपण संख्याशास्त्रात शिकतो ती ही नमुना निवड! याच आडनावाच्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी नमुना पाहणीवर १९५४ साली मोठा ग्रंथ लिहिला होता. शेतातले थोडे पीक कापून साऱ्या मुलखाचे उत्पन्न कसे अजमावावे, हा त्यांचा ध्यास होता.

आता मुद्द्याकडे वळतो. विद्वानाचे मोल आज आकड्यांत करतात. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली एक निर्देशांक सुचविला : निदान वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा इतरांनी आधार घेतला, तर अंक वीस. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी निबंधांना गुण देण्याची पद्धत आणली. मोजमाप नकोच, असे माझे म्हणणे नाही. आकडा गेला की त्याच्या जागी वशिला येऊन बसतो. परंतु निबंधांची संख्या हेच ध्येय झाले, की निबंध वाचण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी लिहिले जातात.

मित्रहो, हिशेबशास्त्राचा एक नियम आठवा. पेढीने स्वतः कमावलेला नावलौकिक ताळेबंदात दाखवीत नाहीत. विकत घेतलेला मात्र दाखवितात. म्हणून काय कमावलेला नावलौकिक खोटा? गिऱ्हाईक तर त्याच्याच जोरावर दुकानात येते! विद्वानाचे निबंध हे त्याच्या वहीतले आकडे. त्याच्या दुभाष्यावर दुसऱ्यांनी काय उभारले, हा त्याचा नावलौकिक. आणि तो वहीबाहेर राहतो. शिवाय तो एकट्याचा नसतो. सहा जणांच्या निबंधात कोणाचा हिस्सा किती, हे भागीदारीच्या कराराप्रमाणे सांगता येत नाही.

तेव्हा एक सूचना करावीशी वाटते. आपल्या वार्षिक अहवालात प्राध्यापकांच्या निबंधांची यादी असते. ती असावीच. पण तिच्याखाली आणखी एक सदर असावे : या वर्षी कोणाच्या कामाचा दुसऱ्या कोणाला काय उपयोग झाला? कोणी टिपणे सर्वांसाठी खुली केली, कोणी प्रयोगाचे साहित्य दुसऱ्या महाविद्यालयाला वापरू दिले, कोणाच्या दोन शब्दांनी एखादा विद्यार्थी मार्गाला लागला? त्याला गुण नकोत, फक्त नोंद हवी.

मामांना मी पत्राने हेच कळविले. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले : "नफा दुसऱ्याच्या वहीत दिसतो, असं म्हण की!"

मला वाटते, माझ्या साऱ्या लेखापेक्षा ती ओळ नेमकी आहे.