कवळी आपल्या चेहऱ्याच्या मापाची हवी

सक्करदऱ्यातल्या वस्त्यांमध्ये बीपी तपासायला आम्ही घरोघरी जातो, तेव्हा टीव्हीशेजारी डब्यात पडलेली कवळी बरेचदा दिसते. एका आजीला विचारलं, घालत का नाही? त्या म्हणाल्या, "हे दात माझे वाटतच नाही गं. नातू हसतो." कवळी एका शिबिरातली होती. दोन खेपांत हातात दिलेली. आणि खर्रा खाऊन दात घालवले म्हणून वरून आजीलाच बोलणी!

कवळीचे दात तयार संचांत येतात, लहान-मोठ्या मापांचे. कोणता संच घ्यायचा, ते चेहरा मोजून ठरवतात. दोन्ही गालांच्या हाडांमधली जास्तीत जास्त रुंदी मोजून तिला 16 ने भागलं, की वरच्या समोरच्या एका दाताची रुंदी मिळते. चेहरा 136 मिलिमीटर रुंद असेल तर दात साडेआठ मिलिमीटरचा. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेपासून सरळ खाली रेघ ओढली की सुळ्याच्या टोकाचा अंदाज येतो. हसताना ओठ किती वर जातो, त्यावरून लांबी.

नाक मोजतात म्हटल्यावर आपल्या लोकांना खटकेल, आणि खटकायलाच हवं. इंग्रज अधिकारी रिस्ले यांनी नाकं मोजून जातींची उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकांच्याच मापांवरून दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. दंतवैद्य मोजतो ते मात्र आपल्या सोयीसाठी. ते आपण मागून घ्यावं.

पण 16 चा हिशोब पाश्चात्त्य देशांत बसवलेला आहे, प्रत्येक चेहऱ्याला तो लागू पडत नाही. खरी परीक्षा मेणावरच्या कवळीची. दात मेणात असेपर्यंत सहज बदलता येतात, कवळी पक्की झाल्यावर नाही. ती तोंडात घालून, आरशात पाहून, चार शब्द बोलल्याशिवाय हो म्हणू नका. यासाठी एक खेप वाढते, रोजी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच शिबिर भरवणाऱ्यांनी ही खेप वस्तीतच ठेवावी, नाहीतर कवळ्या वाटल्याचे फोटो तरी छापू नयेत.

शासकीय दंत महाविद्यालय आपल्याला जवळच आहे, मेडिकलच्या आवारात. जाताना दात दिसतील असा जुना फोटो न्या. नसेल तर मुलीला किंवा बहिणीला सोबत न्या, दातांची ठेवण घराण्यात सारखी असू शकते.