तोटा संगणकावर, धडा वहीत

पालकहो, हैदराबादच्या सुलतान बाजारात शाळा सुटल्यावर वडिलांच्या दुकानात हातभार लावणारी मुले पाहा. गिऱ्हाईक घासाघीस करते आणि मूल क्षणात परवडणारा भाव सांगते. मात्र वर्गात शेकडेवारी आली की यांतलीच काही मुले अडखळतात. दुकान आणि वही यांची गाठ घालून द्यायची कशी?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात 1973 साली बॉब जेमिसन यांनी ‘लेमोनेड स्टँड’ हा संगणकीय खेळ शाळांसाठी तयार केला. हवामान पाहून सरबताचे ग्लास किती करायचे, भाव काय ठेवायचा, जाहिरातीचे फलक किती लावायचे, हे मुलांनी ठरवायचे. विक्री किती झाली ते संगणक सांगतो.

समजा, 5 रुपये खर्चाचे 30 ग्लास केले, 10 रुपयांना विकायला ठेवले आणि 20 खपले. मूल पटकन म्हणेल, नफा 100 रुपये. पण उरलेले 10 ग्लास ओतून द्यावे लागले! खर्च 150, विक्री 200, नफा फक्त 50. भाव 8 रुपये ठेवून सगळे खपले असते, तर नफा 90.

नुसती बटणे दाबली तर हा वेळ घालवण्याचा खेळच ठरेल. म्हणून आधी वहीत अंदाज मांडावा, मग संगणकावर पडताळावा आणि तो का चुकला हे पाच ओळींत लिहावे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी त्या ओळी मराठीत लिहिल्या, तर गणिताबरोबर भाषाही पक्की होईल.